सरकारी खर्चाचा वकील: पोटगीला उत्तम, अपघाताच्या दाव्यात डोळे उघडे ठेवा

चांगल्या पगाराच्या बाईलाही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हे अजून बऱ्याच जणींना ठाऊक नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट लावतच नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे.

कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, तालुक्याला समिती असते. अर्ज साधा असतो. सोबत ओळखपत्र, प्रकरणाचे कागद आणि उत्पन्नाच्या अटीवर येणाऱ्यांना उत्पन्नाचा दाखला लागतो. कोर्ट फी, टायपिंग, नकला हा खर्चही प्राधिकरणाचाच. पॅनेलवरच्या वकिलाने ‘वरखर्चाला’ पैसे मागितले तर देऊ नका, प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी कळवा. वकील पटला नाही तर बदलून मागता येतो, तोही लेखीच. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. आधी चौकशी करायची तर १५१०० ही हेल्पलाइन आहे.

पोटगीसाठी ही सेवा खरोखर चांगली. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते, म्हणून ‘बघू, समेट होईल’ म्हणत काढलेले महिने हातचे जातात. त्याच निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलं. घोडं अडतं ते इथे. नवऱ्याच्या उत्पन्नाच्या रकान्यात ‘माहीत नाही’ लिहून मोकळं होऊ नका. पगाराची स्लिप नसेल, पण गाडीचा नंबर, सातबारा, दुकानाचा जीएसटी नंबर यातलं काहीतरी असतंच. आणि स्वतःची शिकवणी, शिवणकाम लपवू नका. बँकेचं स्टेटमेंट समोर आलं की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

अपघाताच्या दाव्यात मात्र वकिलावर सगळं सोपवून चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दावा लावायची मुदत अपघातापासून ६ महिने केली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. दावा अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे किंवा समोरचा राहतो तिथे लावता येतो. दर तारखेला दोनशे किलोमीटर जायची गरज नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, गाडीची पॉलिसी, चालकाचं लायसन्स, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं एवढं पहिल्याच भेटीत द्या. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नुसतं जोडून भागत नाही, ते देणाऱ्या किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरची साक्ष लागते. ती राहून गेली की भरपाईचा आकडा कोसळतो.

लोकअदालतीत तडजोडीवर सही करण्याआधी हिशेब स्वतः मांडा. समजा, वय ३२, स्वतःचा धंदा, महिना १५,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे २१,०००. कमाईची क्षमता ३० टक्के घटली तर महिन्याचं नुकसान ६,३००, वर्षाचं ७५,६००. वर्षाच्या नुकसानाला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; ३१ ते ३५ वयाला तो १६, म्हणजे १२,०९,६००. उपचाराचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. यात टक्का कमाईचा घ्यायचा, शरीराचा नाही: पायाचं तेच अपंगत्व गवंड्याची रोजी बुडवतं, हिशेबनिसाचं फारसं अडत नाही. विमा कंपनीचे लोक याच जागी प्रमाणपत्रावरचा आकडा पुढे करतात.

तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते, पैसाही लवकर हाती येतो. पण त्या निवाड्यावर अपील नाही. आकडा पटला नाही तर नाही म्हणा, प्रकरण होतं तिथे परत जातं. आणि ‘मिळेल त्यातले वीस टक्के’ म्हणत दवाखान्यातच वकीलपत्रावर सही मागणारा कुणी भेटला, तर टक्केवारीवर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे, हे त्याला ऐकवा.