बिनइंजिनाचा ढकलायचा रील मोवर: छोट्या लॉनसाठी हाच घ्या

लॉन हिरवं राहत नाही म्हणून खतावर खत टाकणाऱ्यांनी आधी आपलं गवत कापलं कशाने जातंय ते बघा, असं मी आता प्रत्येकाला सांगते. मी बरेच महिने हाताने ढकलायचा रील मोवर वापरतेय, इंजिन नाही, वायर नाही, बॅटरी नाही, आणि लॉनचा रंग जितका या मशीनने सुधारला तितका कुठल्याही पोत्यातल्या खताने सुधारला नव्हता.

आधी हे का होतं ते सांगते. रोटरी मोवरचं पातं आडवं गरगर फिरतं आणि नुसत्या वेगाच्या जोरावर गवताला फटका मारून तोडतं, त्याची धार गेली की गवत कापलं न जाता फाटतं, टोकं चिंध्या झाल्यासारखी होतात आणि एकदोन दिवसांत पांढरट-तपकिरी पडतात, मग लांबून बघितलं की सगळं लॉनच पिवळट दिसतं आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. रीलमध्ये पिळाची पाती फिरत फिरत खालच्या एका स्थिर पात्याला घासून जातात आणि गवत त्या दोघांच्या मधे कात्रीसारखं कापलं जातं. ही कल्पना जुनीच आहे बरं का, इंग्लंडमध्ये एडविन बडिंगने १८३० मध्ये पहिला लॉन मोवर केला तो असाच होता, कापडगिरणीत कापडावरची लव कातरायच्या मशीनवरून त्याला सुचलेला. इतक्या वर्षांनी मूळ रचना तीच आहे, आणि गोल्फच्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, आजही रीलनेच कापतात.

आवाज जवळजवळ नाही, फक्त सर्र सर्र, त्यामुळे सकाळी लवकर कापलं तरी कोणाची झोप मोडत नाही. फक्त दव वाळू द्या, ओलं गवत पात्यांना चिकटतं आणि चाकं घसरतात.

पण हे मशीन तुम्हाला शिस्त लावतं. गवत जास्त वाढू दिलं तर ते कापत नाही, वाकवून पुढे जातं, आणि तुरे आलेल्या कडक काड्या तर तशाच उभ्या राहतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही हा लॉनचा सगळ्यात महत्त्वाचा नियम, कारण पानं जास्त गेली की गवत मुळांकडची ताकद पानांकडे वळवतं, मुळं उथळ होतात आणि मग ऊन जरा चढलं की करपतं. रीलवर हा नियम आपोआप पाळावाच लागतो. वाढीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा तरी फिरवायला लागतो, कधी दोनदा, आणि ज्याला हे जमणार नाही त्याने खरंच घेऊ नये.

दुसरं म्हणजे गवत कुठलं आहे ते बघा. हरळीसारखं बारीक, आडवं पसरणारं गवत यावर फार सुंदर कापलं जातं, इंच-दीड इंचावर एकदम गालिचा. टॉल फेस्क्यू या रुंद पानांच्या, झुपक्याने वाढणाऱ्या गवताला मात्र तीन इंचांच्या आसपास ठेवावं लागतं, आणि बरेच रील मोवर तेवढे वर जातच नाहीत, त्यामुळे विकत घेताना सगळ्यात वरची सेटिंग किती आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कापलेलं गवत मी गोळा करत नाही, तिथेच पडू देते. बारीक तुकडे असतात, लवकर कुजतात आणि त्यातला नायट्रोजन परत मातीत जातो, म्हणजे खत तेवढं कमी लागतं. त्याने मातीवर जाड थर साचतो अशी भीती असते, पण तो थर मुख्यतः मेलेल्या मुळांचा आणि खोडांचा असतो, या तुकड्यांचा नाही. पाणीसुद्धा रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यात एकदोनदा भरपूर द्या, पाऊस धरून एकूण २५ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर साधारण पुरतं, आणि सकाळीच द्या, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी धरते.

खटकलेल्या गोष्टी आहेतच. कडेला भिंतीलगत एक पट्टी राहते, ती कात्रीनेच कापावी लागते. जमीन खड्ड्यांची असेल तर एका जागी टक्कल आणि शेजारी झुपका असं होतं. छोटीशी काडी किंवा खडा अडकला तरी रील जागच्या जागी थांबतो, म्हणून आधी एकदा लॉनवरून नजर फिरवावी लागते. आणि लॉन मोठं किंवा उताराचं असेल तर दमछाक होते, तिथे बॅटरीवालाच बघा.

मेंटेनन्स म्हणजे कापून झाल्यावर पुसायचं आणि पात्यांना तेलाचा हात द्यायचा. सेटिंग बघायला कागदाची पट्टी दोन पात्यांच्या मधे धरून रील हळूच फिरवायचा, हातमोजे घालूनच, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. कुठे नुसता दुमडला तर त्या बाजूचा स्क्रू किंचित आवळायचा, फार आवळला तर ढकलायला जड जातो. काही मॉडेलमध्ये पाती एकमेकांना टेकतच नाहीत, बारीकशी फट असते, त्यांची धार जास्त टिकते आणि ढकलायलाही हलकी, मिळालं तर तेच घ्या.