पहिल्या क्रमांकाची हमी आणि माझे ६३,१४० रुपये

गोव्यातील फोंडा तालुक्यात कुळागराला (सुपारी-नारळाच्या बागेला) लागून असलेल्या आमच्या घरात पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. त्यांच्या संकेतस्थळाचा मजकूर लिहून घेण्यासाठी मी एका एजन्सीला ४८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ८,६४० रुपये दिले. पुढे ‘गुगल नोंदणी शुल्क’ म्हणून आणखी ६,५०० रुपये गेले. गुगल आपल्या शोधयादीत पान घेण्यासाठी कोणाकडूनही पैसे घेत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांकही खोटा निघाला. तो सरकारी पोर्टलवर कोणालाही फुकट तपासता येतो, तेव्हा पैसे देण्याआधी तपासा.

एजन्सीने गुगलच्या शोधात पहिल्या क्रमांकाची लेखी हमी दिली होती. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गुगलनेच स्पष्ट सांगितलेले आहे. पुरावा म्हणून दाखवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये एक हॉटेल सर्वांत वर दिसत होते, परंतु शोधले होते त्याच हॉटेलचे पूर्ण नाव, आणि स्वतःच्या नावाने शोधल्यावर बहुतेक जण वरच दिसतात. समोरचा माणूस आर्जवाने बोलत असताना शोधपेटीत काय टंकले आहे, हे कोण वाचत बसतो?

खरी चीड येते ती पहिल्या मसुद्याची. त्यात आमचे घर ‘समुद्रकिनाऱ्यापासून पाच मिनिटांवर’ होते. पत्नीने वाचून विचारले, “अहो, आपल्या कुळागरात समुद्र कधी आला?” मी फोन केला, तर ‘बीच’ शब्दावाचून गुगल पान उचलत नाही, असे ठणकावून सांगण्यात आले. दुसऱ्या कोणाचा तरी मजकूर आमच्या माथी मारला आहे, हे तेव्हाच उघड झाले होते. पण चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर, घर माणसांनी भरलेले आणि निम्म्याहून अधिक रक्कम आधीच गेलेली. ‘बेस्ट होमस्टे इन गोवा’ हे शब्द परिच्छेदागणिक कोंबले होते, आणि अशी कोंबाकोंब गुगलच्या नियमांत स्पॅम ठरते. मोपा विमानतळाहून टॅक्सीला किती वेळ लागतो, मंगेशी आणि कवळ्याची देवळे किती जवळ आहेत, पावसात वीज गेल्यास इन्व्हर्टर आहे का, गाडी दारापर्यंत येते का, हे पाहुण्याला हवे असते. यातले काहीही त्यांनी मला विचारले नाही. लिहिण्यापूर्वी जो प्रश्न विचारत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

पोलीस स्थानकात, “मजकूर मिळाला ना? मग हा दिवाणी वाद,” असे म्हणून मला परत पाठवले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक मिळाला आणि त्यापलीकडे काहीही घडले नाही. ग्राहक तक्रारींच्या कार्यालयात, सेवा व्यवसायासाठी घेतल्यामुळे तुम्ही ग्राहकच नाही, असे ऐकवण्यात आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ उदरनिर्वाहासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला या अपवादातून वगळलेले आहे खरे, पण त्या कलमात वस्तूंचाच उल्लेख आहे, सेवांचा नाही. ते कलम दाखवून मग सेवेचे काय, असे मी विचारले, तर साहेब रजेवर असल्याचे कळले. खोट्या जीएसटी क्रमांकावर सरकारच्या नावाने ८,६४० रुपये उकळले गेले, त्याचेही कोणाला सोयरसुतक नाही.

डोमेनही, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ताही, एजन्सीच्याच नावावर आहे. ते नेहमी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून घ्या. ते माझ्या नावे करून देण्यासाठी एजन्सी आता १२,००० रुपये मागत आहे. मी ते देणार नाही. नवे डोमेन घेतले असून मजकूर आम्ही दोघेच लिहीत आहोत.