टांझानियातील ‘स्वयंसेवी शिक्षक’ योजनेत झालेली फसवणूक

बडोद्यात कुणा ना कुणाचे नातेवाईक पूर्व आफ्रिकेत असतातच. त्यामुळे अलकापुरीतील एका सल्लागाराने टांझानियातील खेड्यात स्वयंसेवी शिक्षिकेची जागा देऊ केली, तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. पावणेदोन लाख रुपयांत परवाना, गावातील कुटुंबाकडे राहणे-जेवण आणि शाळेला देणगी हे सर्व येते, असे पत्रकात छापले होते.

गावातले दिवस तक्रार करण्यासारखे नव्हते. सकाळी सार्वजनिक नळावरून पाणी आणायचे, दुपारी मक्याच्या पिठाचा उगाली आणि घेवड्याची उसळ, वाटेत भेटणारी मुले अदबीने ‘शिकामो’ म्हणत. वर्गात मात्र पहिल्याच दिवशी घोळ उघड झाला. मला इंग्रजीतून गणित शिकवायचे आहे असे सांगून पाठवले होते. तेथील सरकारी प्राथमिक शाळांचे माध्यम स्वाहिली असून इंग्रजी माध्यम माध्यमिक शाळेपासून सुरू होते. माझा तास संपला की तिथल्या शिक्षिका तोच भाग स्वाहिलीतून पुन्हा शिकवत, म्हणजे माझ्या येण्याने त्यांचे काम वाढलेच होते.

पुढे मुख्याध्यापकांनी मोठ्या संकोचाने विचारले, की तुमच्या लोकांनी कबूल केलेले बाक केव्हा येणार. देणगीतला एक शिलिंगही शाळेत पोहोचला नव्हता. ज्या बाईंकडे मी जेवत होते त्यांनाही सुरुवातीचेच पैसे मिळाले होते, तरी त्यांनी माझ्या ताटात कधी काही कमी पडू दिले नाही.

परवान्याचा प्रकार याहून गंभीर होता. तेथे विनावेतन शिकवण्यासाठीही ‘सी’ वर्गाचा निवास परवाना लागतो. माझ्याकडे ५० डॉलरचा साधा प्रवासी व्हिसा होता आणि त्यावर शिकवणे बेकायदा ठरते. हे कळताच मी वर्ग थांबवून परत आले.

परतल्यावर सल्लागाराकडून ‘देणगी ऐच्छिक होती’ असे उत्तर मिळाले. पैसे त्याच्या फर्मच्या नव्हे, एका व्यक्तीच्या खात्यात गेले होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली मी पोलिसांकडे तक्रार दिली आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांशी स्वतः बोलावे, शाळेला किती रक्कम मिळते हे त्यांच्याच तोंडून ऐकावे आणि परवान्याचा वर्ग लेखी मागावा. त्या सल्लागाराचे पत्रक अजूनही वाटले जात आहे. मजकूर तोच, फक्त टांझानियाच्या जागी आता घाना छापले आहे.