थायलंड की पोर्तुगाल? साठीनंतर उपचारांसाठी देश बदलताना

अमेरिकेतली नोकरी संपली आहे आणि ६५ व्या वर्षी मिळणाऱ्या मेडिकेअरला, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याला, अजून वेळ आहे, किंवा मेडिकेअर असूनही वरचा खर्च झेपेनासा झालाय, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. भारतात परतण्याचा पर्याय इथे घेतलेला नाही, कारण तो निर्णय कुणी फक्त हॉस्पिटलच्या बिलावर घेत नाही. आम्ही दोघं आधी थायलंडमध्ये, चियांग मायला राहिलो आणि आता पोर्तुगालमध्ये, कोईंब्राला आहोत. दोन्हीकडची हॉस्पिटलं पेशंट म्हणून पाहिली आहेत, तेवढाच माझा अधिकार.

उपचारांचा अनुभव म्हणाल तर थायलंडला तोड नाही. बँकॉकच्या बुमरुनग्राद हॉस्पिटलला २००२ मध्येच जेसीआय हे हॉस्पिटलच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळालं, आशियात पहिल्यांदा. चियांग मायची खासगी हॉस्पिटलं त्याच वळणावर चालतात. सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त द्यायचं, नाश्ता करून परत यायचं, तोवर रिपोर्ट तज्ज्ञांच्या टेबलावर आलेले असतात. गरज पडली तर सोनोग्राफी त्याच मजल्यावर, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत औषधांची पिशवी घेऊन आपण बाहेर. डॉक्टर घाई करत नाहीत. इंग्रजीत नीट समजावून सांगतात, दुभाषा लागला तर तोही हजर असतो. अमेरिकेत हृदयाच्या डॉक्टरांची वेळ मिळायला ताटकळलेल्या माणसाला हे सगळं पाहून भरून येतं, निदान मला आलं होतं.

व्हिसाचंही फार अवघड नाही. वय पन्नासच्या वर हवं आणि थाई बँकेत ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट उत्पन्न दाखवावं लागतं. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा आणि दरवर्षी मुदत वाढवून घ्यायची. लोक या ९० दिवसांच्या नोंदीवर फार चिडतात. मला त्याचं काही वाटलं नाही, ते ऑनलाइनही होतं.

मला अडलं ते विम्यात, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथेच फिरतो.

मला रक्तदाब, हिला मधुमेह. दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. आमच्या वयाच्या कुठल्याही घरात हेच चित्र असेल. विमा कंपनीनं पॉलिसी दिली, हप्ताही परवडणारा होता. पॉलिसीच्या मागे एक पुरवणी पान होतं. त्यावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं: रक्तदाब आणि त्यातून उद्भवणारे किंवा त्याच्याशी संबंधित सर्व विकार वगळून. हिच्या नावापुढे मधुमेहाबद्दल हेच शब्द. आता रक्तदाबाशी संबंधित काय नाही? हार्ट अटॅक, पक्षाघात, मूत्रपिंड, सगळं त्यात आलं. मधुमेहात डोळे, पाय, नसा, पुन्हा हृदय. म्हणजे अपघात आणि डेंग्यू यांच्यासाठी आम्ही उत्तम सुरक्षित होतो. ज्या आजारांच्या भीतीनं माणूस विमा घेतो ते मात्र पॉलिसीच्या बाहेर.

एका रात्री छातीत दाटून आलं. हॉस्पिटलनं दहा मिनिटांत ईसीजी काढला, रक्त घेतलं, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, आणि अॅडमिट करताना डिपॉझिट म्हणून कार्ड मागितलं. निदान निघालं अॅसिडिटीचं. कंपनीनं दावा फेटाळला. तपासण्या हृदयाच्या होत्या, हृदय रक्तदाबाशी संबंधित आणि रक्तदाब वगळलेला. मेल पाठवून, फोन करून थकलो. रक्कम आमच्या आवाक्यातली होती, ती भरली. पण त्या रात्री खरोखर अटॅक असता तर बायपासचा खर्चही आमच्याच बचतीतून गेला असता, हे तेव्हा पुरतं कळलं.

यावर तिथले जुने रहिवासी सांगतात की विम्याच्या भानगडीत पडू नका, मोठी रक्कम बाजूला ठेवा आणि रोखीनं उपचार घ्या. अनेक जण तसंच करतात, आणि गाठीला पुरेसा पैसा असेल तर ते चूकही नाही. मात्र ओ-ए प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा घेतलात तर ३० लाख बाटच्या संरक्षणाचा विमा सक्तीचा आहे. वय वाढेल तसा हप्ता पायरीपायरीनं चढतो, आणि सत्तरीनंतर नवा ग्राहक घ्यायला अनेक कंपन्या नाखूश असतात. सरकारी हॉस्पिटलचा मार्ग आहे, पण तिथे परदेशी माणसासाठी दर वेगळे आणि निवृत्त मंडळी सर्वांत वरच्या दरात.

पोर्तुगालमध्ये पहिल्यांदा आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी निवास परवाना, कर क्रमांक आणि पत्ता मागितला. मी सवयीनं दोघांच्या आजारांची यादी पुढे सरकवली. त्यांनी ती वाचलीही नाही, परत दिली. ते डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या. फॉर्मवर आजारांचा रकानाच नव्हता. उतेंत क्रमांक, म्हणजे तिथला रुग्ण क्रमांक, मिळाला आणि १९७९ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या सार्वजनिक आरोग्य सेवेत आम्ही दाखल झालो, रक्तदाब आणि मधुमेहासकट.

तेव्हापासून औषधांची चिठ्ठी मोबाइलवर येते. एसएमएसमध्ये एक क्रमांक आणि एक कोड असतो, तो कुठल्याही फार्मसीत दाखवायचा. सरकार औषधाच्या वर्गानुसार ९०, ६९, ३७ किंवा १५ टक्के वाटा उचलतं, आणि इन्सुलिन पूर्ण मोफत. २०२२ पासून बहुतेक ठिकाणचं किरकोळ शुल्कही बंद झालंय. फोनवरच्या सल्ला सेवेनं किंवा आरोग्य केंद्रानं पाठवलेलं नसताना थेट इमर्जन्सीत गेलात तरच ते लागू शकतं.

आता त्रासाचं. देशात पंधरा लाखांहून अधिक लोकांना ठरलेला फॅमिली डॉक्टर नाही, आणि त्यांत आम्हीही आहोत. ज्या दिवशी जो डॉक्टर असेल त्याला भेटायचं आणि दर वेळी सगळी कहाणी पहिल्यापासून सांगायची. गुडघा, मोतीबिंदू, त्वचा यांसाठी तज्ज्ञाकडे जायला महिनोन्‌महिने थांबावं लागतं. इमर्जन्सीत आजाराच्या गांभीर्यानुसार मनगटावर रंगीत पट्टी बांधतात. हिरवी पट्टी मिळाली की बसायची तयारी ठेवावी. घाईच्या वेळी आम्ही खासगी डॉक्टरकडे जातो, साधारण शंभर युरोच्या आसपास फी देऊन. तरुण डॉक्टर इंग्रजी बोलतात, खिडकीपलीकडची मंडळी सहसा नाही. थोडी पोर्तुगीज शिकावीच लागते.

पेन्शनसारखं उत्पन्न असणाऱ्यांसाठी डी७ हा निवासाचा व्हिसा असतो, त्यासाठी लागणारं उत्पन्न २०२५ मध्ये महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी त्याच्या निम्मं अधिक. हा आकडा किमान वेतनाबरोबर बदलतो. व्हिसा मिळण्यापेक्षा नंतरचं निवास कार्ड मिळणं कष्टाचं आहे. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या आयमा या परदेशी लोकांच्या निवास परवान्यांच्या नव्या कार्यालयाला लाखो प्रलंबित प्रकरणं वारशानं मिळाली. शिवाय नव्यानं येणाऱ्यांसाठी जुनी एनएचआर करसवलत २०२४ पासून बंद आहे. पेन्शनवरचा कर आधी हिशेबात धरा, आरोग्य सेवेचा पैसा शेवटी त्या वाटेनंही जातो.

एका बाबतीत थायलंड आजही पुढे आहे, आणि ती बाब लहान नाही. घरी राहून सांभाळणारं माणूस तिथे परवडतं, मिळतं आणि मायेनं करतं. चियांग मायजवळ युरोपातून आलेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी खास निवास आहेत. पोर्तुगालच्या वृद्धाश्रमांत जागेसाठी थांबावं लागतं. तुमच्यापुढचा प्रश्न उपचारांचा नसून रोजच्या सेवेचा असेल, तर मी तुम्हाला पोर्तुगालचा आग्रह करणार नाही. फुप्फुसं नाजूक असतील तर मात्र उत्तर थायलंडमधला फेब्रुवारी ते एप्रिलचा धूर टाळाच. त्या दिवसांत आम्ही खिडक्या बंद करून बसायचो.

दोघंही ठणठणीत असाल, वय साठीच्या आत असेल आणि मोठी शस्त्रक्रिया स्वतःच्या पैशानं करण्याची ताकद असेल, तर थायलंडमध्ये काही वर्षं आनंदात जातील. एखादं जुनं दुखणं सोबत असेल तर मी पोर्तुगालची रांग पत्करेन. प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, हे मान्य.

जाल तिथे जा, पण मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांना सहसा पैसे देत नाही म्हणून त्यातला पार्ट बी, म्हणजे डॉक्टरांची फी आणि अॅडमिट न होता घेतलेले उपचार यांसाठीचा भाग, लगेच सोडून देऊ नका. परत घ्यायची वेळ आली तर विनाकव्हर गेलेल्या दर १२ महिन्यांमागे हप्ता कायमचा १० टक्क्यांनी वाढतो. आणि थायलंडकडे कल असेल तर घर बघण्याआधी विमा कंपनीकडून ते पुरवणी पान लेखी मागवून घ्या. ते तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, पुढच्या दहा वर्षांत मला ज्या कारणानं अॅडमिट व्हावं लागेल असं तुम्हाला वाटतं, त्यातलं यात काय उरलंय?