चार स्टार, एक वॉरंटीचा कापला

बेळगावच्या उद्यमबागेत आतल्या बाजूला आहे हे वेल्डिंगचं वर्कशॉप, बोर्ड एवढुसा, पहिल्यांदा मी दोनदा पुढं जाऊन परत आले. शहापूरला आमची मेस आहे, रोजचे साठ-सत्तर डबे जातात, त्यासाठी गरम पाण्याची पाचशे लिटरची स्टीलची टाकी करून घेतलेली, ३०४ म्हणतात त्या नेहमीच्या स्टेनलेस ग्रेडचं शीट. ती दुसऱ्याच एका फॅब्रिकेटरकडून, नाव घेत नाही. दीड वर्षात खालच्या जोडाला पाणी पाझरायला लागलं. तो आला, वरून टाका मारला, पैसे घेतले, गेला. पंधरा दिवसांनी अर्धा इंच बाजूला परत पाझर. असं तीनदा झालं आणि वर मलाच म्हणतोय वहिनी तुमचं पाणीच वाईट.

इथल्या मिस्त्रींनी टाकी आणल्या आणल्या वेल्डिंग मशीनला हातच लावला नाही. जोड घासून पुसला, चिरा शोधायचा लाल डाय मारला, पंधरा मिनिटं तसंच ठेवून चहा सांगितला, मग डाय पुसून वरून पांढरा स्प्रे. बघता बघता त्या पांढऱ्यावर लाल रेघा उमटायला लागल्या ओ, वाळक्या बाभळीच्या काटकीला फाटे असतात तशा, आणि सगळ्या वेल्डच्या काठाला, वेल्डवर एक पण नाही. मी इतके दिवस एकच भोक आहे समजत होते.

मिस्त्री म्हणाले टाका फुटत नाही वहिनी, टाक्याशेजारचं तापलेलं स्टील फुटतं. स्टील गंजत नाही ते क्रोमियममुळं, पण साधारण सव्वाचारशे ते साडेआठशे डिग्रीत ते जास्त वेळ राहिलं की आतला कार्बन क्रोमियमला धरून कणांच्या सीमेवर बसतो, मग सीमेलगतची जागा क्रोमियमशिवाय उघडी पडते आणि तिथनंच खायला सुरुवात. ३०४ मध्ये कार्बन ०.०८ टक्क्यापर्यंत चालतो, एल ग्रेडमध्ये, म्हणजे कमी कार्बनवाल्यात, ०.०३ च. त्यात वेल्ड थंड होताना आखडतो, तो ताण पण तिथंच अडकून बसतो. म्हणजे त्या बाबानं तीनदा टाका मारला तो तीनदा आजार वाढवून गेला.

हे मिस्त्री पूर्वी कैगाच्या अणुवीज केंद्रात कॉन्ट्रॅक्टवर वेल्डर होते, म्हणाले अणुभट्टीवाल्यांनी पण हेच भोगलंय. मला हसू आलं, कुठं अणुभट्टी कुठं आमची मेस! पण रात्री पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं, अमेरिकेत १९७० च्या दशकात पाणी उकळणाऱ्या रिअ‍ॅक्टरांच्या ३०४ च्या पाइपांना वेल्डच्या बाजूलाच चिरा सापडायला लागल्या. आणि तिथलं पाणी आपल्या फिल्टरच्या पाण्यापेक्षा कितीतरी शुद्ध! पण ते २८० डिग्रीच्या वर, आणि रेडिएशननं पाणी फुटून ऑक्सिजन सुटतो, चिरा पडायला तेवढा पुरतो. मग तो ऑक्सिजन कमी करायला पाण्यात हायड्रोजन सोडायला लागले, पाइप कमी कार्बनचे घातले. फ्रान्सला तर २०२१ च्या शेवटी सिव्होच्या प्लांटमध्ये कमी कार्बनच्या पाइपांना पण वेल्डजवळ चिरा निघाल्या, पुढच्या वर्षी देशातल्या ५६ रिअ‍ॅक्टरांपैकी निम्मे एका वेळी बंद होते, काही यामुळं, काही नेहमीच्या मेंटेनन्सला. म्हणजे एल ग्रेड घेतलं की सुटलो असं पण नाही.

काम मात्र एक नंबर. खालचा सगळा पट्टा कापून टाकला, ३१६ एलचा नवा घातला, वेल्ड करताना हवा लागू नये म्हणून आर्गन गॅस आतनं पण सोडला आणि बाहेरनं पण, आणि वेल्डशेजारी जो निळा-काळा डाग पडतो तो पेस्ट लावून साफ केला. बोटानं बघितलं, जोड कळत पण नाही. ९,८०० घेतले, डाय टेस्टचे वेगळे लावले ते जरा खटकलं. पाच दिवस सांगून नऊ लावले, गॅसचा सिलिंडर आला नाही म्हणे, तोवर आम्ही पातेल्यात पाणी तापवून मेलो.

वॉरंटी मागितली तर मिस्त्री म्हणाले, टाकी धुता कशानं? आता काय सांगणार. पांढरा थर बसतो म्हणून दोन महिन्यातनं एकदा बाथरूमचं अ‍ॅसिड ओतत होतो आम्ही. मिस्त्री डोक्याला हात लावून बसले, ते हायड्रोक्लोरिक, सगळं क्लोराइड, गरम टाकीला विषच ते. बोअरच्या पाण्यात पण क्लोराइड असणार म्हणून वॉरंटी देत नाही म्हणाले आणि नाहीच दिली. एक स्टार त्याचा.

मधल्या काळात एकानं आम्हाला सॉफ्टनर विकला तो वेगळाच घोळ, सॉफ्टनर कॅल्शियम काढतो, क्लोराइड तसंच राहतं, हे पण मिस्त्रींनीच सांगितलं. आता टाकीत आरओचं पाणी जातंय आणि थर बसलाच तर लिंबूसत्व. सात महिने झाले, रोज सकाळी टाकी पेटवायच्या आधी खालनं बोट फिरवून बघते, अजून कोरडंच आहे.