स्विच २ : मशीन एक नंबर, गेम मात्र ताटात कालचेच

भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा त्याचा स्विच २, म्हणजे निन्टेंडोचं गेम खेळायचं मशीन, मीच जास्त वापरला. मशीन मस्त, स्क्रीन मोठी, तक्रार नाही. पण ४५० डॉलर मोजून घेतलेल्या डब्यात नवीन काय, तर जून २०२५ ला लाँचच्या दिवशी नाव घेण्यासारखा नवा गेम म्हणजे मारिओ कार्ट वर्ल्ड, तोही ८० डॉलरला, बाकी यादी बघा, याकुझा झीरो २०१५ चा, सायबरपंक २०२० चा, ब्रेव्हली डिफॉल्ट तर थ्रीडीएस या निन्टेंडोच्याच जुन्या मशीनवरचा २०१२ चा, सगळं गरम करून वाढलेलं.

आता सायबरपंकचं पोर्ट, म्हणजे या मशीनसाठी केलेली आवृत्ती, खरंच भारी झालंय हां, ६४ जीबीच्या कार्डात अख्खा गेम दिलाय. पण बऱ्याच गेम कंपन्या गेम की कार्ड नावाचा प्रकार विकतात, म्हणजे कार्डात गेम नाहीच, नुसती किल्ली, अख्खा गेम डाउनलोड करायचा आणि वर खेळताना कार्ड आत पाहिजेच! मग दुकानात कशाला जायचं बाबा? वेलकम टूर तर मशीनची ओळख करून देणारा गेम, त्यालाही १० डॉलर.

ऑनलाइन स्टोअरमध्ये भंगार वेगळंच. पुतण्याने २ डॉलरला एक ट्रक चालवायचा गेम घेतला, कव्हरवर चकचकीत हायवे, आत ट्रक रस्त्यातून खाली पडतोय आणि हॉर्न वाजतोय 😂 कोणी बनवलाय देव जाणे.

डाँकी काँग बनान्झा हा नवा गेम जुलैत आला तेव्हा कुठे जरा जीवात जीव आला. जुना स्विच नीट चालत असेल तर थांबा.