ओबीडी डोंगल आणि व्हॅक्यूम हातपंप: जुन्या टर्बो डिझेलवर आठ महिने

गाडी चौदा वर्षांची, डिझेल, व्हेरिएबल टर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा; व्हेरिएबल म्हणजे त्यातली पाती उघडमीट होतात). दुखणं असं की दोन हजार आरपीएमनंतर पाठीत जो रेटा यायचा, तोच गायब. चढावर तिसरा टाकावा तर धापा टाकायची. कधीकधी मध्येच एकदम बसायची. बाजूला घेऊन चावी फिरवून पुन्हा सुरू केली की पाचदहा मिनिटं शहाण्यासारखी वागायची. म्हणजे लिम्प मोड, बिघाड दिसला की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःच ताकद कमी करतो ती अवस्था.

मेकॅनिकने इंटरकूलरची (टर्बोकडून आलेली हवा गार करणाऱ्या जाळीची) नळी काढली, आत बोट फिरवलं, बोटाला ऑइल लागलं, आणि निकाल दिला: टर्बो गेला, बदला. पण जुन्या इंजिनात क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली तेलकट वाफ इनटेकमध्येच सोडलेली असते, त्यामुळे नळीत थोडी तेलकटी असायचीच. मी टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला. आडवा किंचित हलत होता, तेवढं चालतं. आत-बाहेर अजिबात नाही, पाती कुठे घासलेली नाहीत. एवढ्यावर टर्बोला फाशी द्यायला मन धजेना. म्हणून या दोन वस्तू घेतल्या: गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावला की इंजिनाच्या कॉम्प्युटरचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा, ब्लूटूथवर चालणारा ईएलएम ३२७ जातीचा डोंगल आणि हवा ओढून काढणारा, काटा असलेला व्हॅक्यूमचा हातपंप.

आधी डोंगल. पहिल्याच दिवशी कोड मिळाला, पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट: टर्बोने हवेला द्यायचा जादा दाब (बूस्ट) कमी पडतोय. आणि पहिल्याच दिवशी मी गाढवपणा केला. हौसेने कोड पुसला. कोड नोंदला गेला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, तापमान हे सगळं फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेलं असतं. तेही त्याच्याबरोबर गेलं. तेव्हा पुसण्याआधी फोनवर स्क्रीनशॉट घ्या.

कोडने काय बिघडलं ते कळलं, का ते नाही. पुढची कामं आकडे बघून झाली. चावी ऑन, इंजिन बंद, अशा वेळी मॅप सेन्सरने, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरने, बाहेरच्या हवेचाच दाब दाखवायला हवा. समुद्रसपाटीला तो साधारण १०० किलोपास्कल, पहिल्या हजार मीटर उंचीला ११-१२ ने कमी. माझ्याकडे ९५ आला, बॅरोमीटरचा आकडाही ९५. म्हणजे निदान या टोकाला सेन्सर खोटं बोलत नव्हता. मग मोकळा रस्ता, तिसरा गिअर, १८०० आरपीएमपासून पूर्ण रेस. आकडे वाचायला शेजारी धाकटा भाऊ; हे काम एकट्याने करूच नका. मॅप १३० च्या वर जाईना. यातले ९५ हवेचे, म्हणजे बूस्ट जेमतेम ३५. अ‍ॅपमध्ये ही वजाबाकी झालेली आहे की नाही हे आधी बघून घ्या, नाहीतर हवेच्या दाबालाच बूस्ट समजाल.

एक मर्यादा फार कमी जणांच्या लक्षात येते. ओबीडीचं प्रमाणित मॅप रीडिंग एकाच बाइटचं असतं, २५५ च्या पुढे जातच नाही. ज्यांच्या गाडीत त्याहून जास्त दाब तयार होतो त्यांचा काटा २५५ वर चिकटेल. तो सेन्सरचा दोष नव्हे. शिवाय डोंगल हळू आहे. स्क्रीनवर आठ काटे मांडले तर प्रत्येक काटा घरंगळत येतो. मी दोनच ठेवतो, मॅप आणि आरपीएम.

पहिली चोरी पंपाशिवायच सापडली. इंटरकूलरच्या खालच्या नळीला पोटाकडून, घडीच्या रेषेत चीर होती. वरून बघितली तर ठणठणीत. बोटं खालून फिरवली तर काळं ओलं तेल, आणि नळी वाकवली की चीर ओठासारखी उघडायची. आयडलला दाबच नसतो, त्यामुळे उभ्या गाडीत साबणाचं पाणी मारून काही दिसलं नव्हतं. नळी बदलली, मॅप १७५ वर आला. गाडीत जीव आला, पण पूर्ण नाही, आणि इंजिन तापलं की लिम्प मोड परत.

हातपंपाने खरे पैसे वसूल केले ते इथे. माझ्या टर्बोत व्हॅक्यूमने अ‍ॅक्चुएटरचा (पाती हलवणाऱ्या डबीचा) रॉड ओढला जातो, तेव्हा आतली पाती मिटतात आणि बूस्ट वाढतो. व्हॅक्यूम कमी पडला की पाती उघडीच, बूस्ट नाही. पंप थेट अ‍ॅक्चुएटरला लावला. रॉड न अडखळता वर गेला, काटा ५०० मिलिमीटर पाऱ्यावर दोन मिनिटं स्थिर. म्हणजे डायफ्रॅम (अ‍ॅक्चुएटरमधला रबरी पडदा) धड, पात्यांत काजळीही अडकलेली नाही. मग एकेक नळी एका टोकाला अंगठ्याने बंद करून दुसरीकडून ओढत गेलो. सोलेनॉइडकडे (व्हॅक्यूम कमी-जास्त करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हकडे) जाणारी वीतभर नळी गार असताना व्हॅक्यूम धरायची. इंजिन तापवून पुन्हा लावली तर काटा डोळ्यांदेखत खाली. कोपऱ्यात रबर इतकं कडक झालेलं की काढताना हातात तुकडा आला. नवी टाकल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच गिअरला मॅप २१०. लिम्प मोड तेव्हापासून आलेला नाही.

सहाव्या महिन्यात पुन्हा ओढ कमी वाटली. मी लगेच नळ्यांकडे धावणार होतो, पण आधी डोंगल लावला. मॅप २०८, म्हणजे टर्बो निर्दोष. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) मात्र पूर्ण रेस दिल्यावर वर चढण्याऐवजी घसरत होतं. डिझेल फिल्टर तुंबलेला निघाला. डोंगल नसता तर ती सुट्टी व्हॅक्यूमच्या नळ्या चाचपण्यात गेली असती.

आता कटकटी. डोंगल सॉकेटमध्ये तसाच राहिला तर वीज पीत राहतो. चार दिवस गाडी उभी होती, पाचव्या दिवशी स्टार्टर टकटक करून गप्प. ब्लूटूथ अधूनमधून सुटतं, आणि नेमकं रेस दिलेली असतानाच. कंपनीचे खास कोड साध्या अ‍ॅपला वाचता येत नाहीत. पंपाचं म्हणाल तर सोबतचे रबरी शंकू दोन महिन्यांत फाटले, आणि पंपाची स्वतःची सील वाळली की तोच गळतो. म्हणून दरवेळी आधी पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून काटा टिकतो का बघतो. मी एकदा हे विसरलो आणि धडधाकट सोलेनॉइड बदलायला निघालो होतो.

ज्यांच्या टर्बोचा अ‍ॅक्चुएटर दाबावर चालतो, जसा बऱ्याच पेट्रोल गाड्यांत असतो, त्यांनी व्हॅक्यूमचा पंप घेऊ नये. त्यांना दाब देणारा, गेज असलेला पंप लागेल. इलेक्ट्रिक अ‍ॅक्चुएटर असेल तर दोन्ही पंप बिनकामाचे.

सध्या डोंगल ग्लव्हबॉक्समध्ये असतो, सोबत एक चिठ्ठी: तिसरा गिअर, तीन हजार, मॅप २१०. दर महिन्याला त्याच चढावर एकदा ताडून बघतो. गेल्या रविवारी २०७ आला. एअर फिल्टर उघडायचा आहे.